वळणावरचा चिखल आहे तिथेच राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या स्तंभात नदीच्या वळणावरील चिखलाबद्दलचे पत्र वाचले. पाणी ओसरले की तेथे चिखलाचे साम्राज्य पसरते, दुर्गंधी सुटते, काठापर्यंत जाता येत नाही. तेव्हा तिथल्या सगळ्या काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगड बसवून अस्तर, करून वर काँक्रीट ओतावे, म्हणजे चिखल कायमचा जाईल, असे पत्रलेखकांचे म्हणणे आहे. त्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. पण माझी सगळी नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत झाली आहे. रस्त्यांच्या, बंधाऱ्यांच्या, इमारतींच्या पायाखालची माती तपासायची आणि तिच्यातले पाणी कसे घालवायचे ते लिहून द्यायचे, हे माझे काम. तेव्हा चिखलाचे लाड करण्याचा माझा पिंड नाही. तरीही ही मागणी मला पटलेली नाही आणि त्याची कारणे जरा सविस्तर लिहिते आहे. पत्र लांबले तर कात्री लावावी, मात्र पिचिंगचा परिच्छेद तेवढा ठेवावा.

तो आधीच लिहून टाकते.

नदी वळते तेव्हा वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याला जोर असतो. तिथे काठ खचतो, डोह पडतो. आतल्या अंगाला पाणी रेंगाळते आणि वाहून आणलेले ओझे तिथे टाकते. आधी वाळू, मग गाळ, सगळ्यात शेवटी चिकणमाती. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्सने १८५१ साली मांडलेल्या नियमाने हिशेब केला, तर ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला सुमारे दोन मिनिटे घेतो. चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरचा कण त्याच अंतराला तीन दिवसांहून जास्त लावतो. म्हणून पूर उतरताना, पाणी जवळजवळ थांबलेले असते तेव्हा, सगळ्यात वर हा मऊ थर बसतो. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, कुठले काम अर्धवट राहिलेले नाही. आतल्या काठाला पिचिंग केल्याने नदी वळायची थांबणार नाही. पुढच्या पुरात त्याच दगडांवर तोच गाळ बसेल, फक्त बोटभर जाडीचा. आणि उतरत्या काँक्रीटवरचा बोटभर गाळ गुडघाभर चिखलापेक्षा घातक असतो. गुडघाभर चिखल पाय धरून ठेवतो. बोटभर चिखलावरून पाय सुटतो आणि माणूस थेट पाण्यात जातो. पिचिंगची खरी गरज समोरच्या, बाहेरच्या काठाला आहे. तिथे दरवर्षी जमिनीचा लचका तुटतो आहे. त्याविषयी त्या पत्रात एक ओळही नव्हती.

आता त्या जागेशी असलेल्या माझ्या ओळखीविषयी. ती जागा मला लहानपणापासून पाठ आहे. करंजांच्या रांगेखाली पावसाळा सरता सरता एक पट्टा उघडा पडतो, तिथे आम्हा भावंडांचा सगळा रिकामा वेळ जाई. पुढे शिक्षण, नोकरी, बदल्या, संसार यांत ती मागे पडली ती पडलीच. निवृत्तीनंतर इकडे राहायला आले तरी ‘जाऊ एकदा’ यापलीकडे पाऊल पडले नव्हते. आपल्या अंकातले ते पत्र मी मोठ्याने वाचले तेव्हा माझी थोरली बहीण मुक्कामाला होती. तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, “काँक्रीट ओतायच्या आधी बघून तरी येऊ.” तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. मी तसे म्हटल्यावर तिने बांबूची काठी उचलली आणि चप्पल घालून दारात उभी राहिली. ताईशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेले नाही.

पट्टा आहे. पूर्वीपेक्षा अरुंद वाटला, पण आपण लहान असताना पाहिलेले सगळेच नंतर अरुंद वाटते, त्यामुळे त्याला पुरावा मानू नये. करंज मात्र खरोखरच कमी झाले आहेत.

वरून खाली उतरत गेले की पहिला लागतो तो वाळलेला भाग. पोपडे सुटलेले, भेगा पडलेल्या. या भेगांकडे कुणी नीट बघत नाही. चिखल एकदाच वाळला असेल तर भेगा बहुतेक एकमेकींना काटकोनात भेटतात, कारण दुसरी भेग पहिलीवर येऊन थांबते. तोच चिखल पुनःपुन्हा भिजून वाळत राहिला की कोपरे हळूहळू उघडत १२० अंशांकडे जातात आणि षटकोन तयार होऊ लागतात. वरच्या बाजूला षटकोन, खालच्या बाजूला काटकोन, असे ताईने काठीने दाखवले तेव्हा नदी यंदा कुठवर किती वेळा आली याची नोंदवहीच समोर उघडली म्हणायची. त्याखाली पायाचा ठसा स्वच्छ उमटतो असा घट्ट भाग, मग घोट्यापर्यंतचा, मग पोटरीपर्यंतचा, आणि पाण्याला लागून नुसता रेंदा.

घट्ट भागावर ताई थांबली, वाकली आणि ओल्या गाळाची चकती तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने खालून टपटप मारू लागली. चकतीवर पाण्याची चकाकी आली. बोटाने दाबले, चकाकी गेली. “अगं, अजून चमकतो बघ!” लहानपणी हा तिचा हुकमी खेळ होता. चकाकतो तो पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कणांचा गाळ; चकाकत नाही ती चिकणमाती. चकाकणाऱ्याचे भांडे करायला जाऊ नये, मोडते. तिला हे कुणी शिकवले नव्हते. प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मला हीच चाचणी शिकवली गेली, आणि पुढे वर्षानुवर्षे ती करण्याचा मी पगार घेतला. बारीक वाळू आणि पोयटा यांच्या कणांमध्ये पाणी सहज खेळते, म्हणून हलवताच वर येते. चिकणमातीचे कण इतके बारीक की पाणी त्यांच्यात अडकून बसते.

आमचा दुसरा खेळ सापांचा. चिखल दोन तळव्यांत वळत वळत किती बारीक साप होतो याची पैज लागे. स्वीडनच्या आल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ साली मातीतल्या ओलाव्याच्या ज्या मर्यादा ठरवल्या त्यांतली एक जवळजवळ हीच आहे. ३ मिलिमीटर जाडीची वळी करताना ती तुटू लागली की त्या क्षणी मातीत पाणी किती ते मोजायचे. ही प्लास्टिक लिमिट. दुसऱ्या टोकाला लिक्विड लिमिट. पितळी वाटीत माती घेऊन तिच्यात खाच पाडायची आणि वाटी एक सेंटिमीटर उंचीवरून आपटत राहायची; २५ आपटींत खाच खालून मिटली की ती मर्यादा आली. या दोन मर्यादांच्या मध्ये जे असते त्याला आम्ही खेळण्याजोगा चिखल म्हणत असू. अभियंत्यांनीही बारीक कणांच्या मातीची वर्गवारी बरीचशी या मधल्या अंतरावर बेतली आहे.

दुर्गंधीविषयी पत्रलेखक लिहितात ते अंशतः खरे आहे. काठीने चिखल उकरला की वरचा तपकिरी थर काही मिलिमीटरचाच निघतो, खाली काळाकुट्ट. वर हवा पोचते, खाली पोचत नाही. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी सल्फेटवर भागवतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि लोहाशी संयोग पावून तो काळा रंग देतो. कुजक्या अंड्याचा वास येतो तो त्याचा. तोच काळा गोळा उन्हात ठेवा, थोड्या वेळाने गंजाच्या रंगाचा होतो. ही झाली चिखलाची आपली घाण. सांडपाण्याच्या वासाची गोष्ट निराळी. आम्हाला वळणाच्या वरच्या अंगाला एका नाल्यातून काळपट पाणी येताना दिसले आणि तिथला वास अगदी वेगळा होता. पत्रलेखकांना तोच आला असणार. त्याचा बंदोबस्त जरूर व्हावा, पण नाल्याची शिक्षा चिखलाला कशासाठी?

आणि पहिल्या सरीनंतरचा मातीचा सुगंध सगळ्यांना हवाहवासा असतो, तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. तोही मातीतले जिवाणूच बनवतात. माणसाचे नाक तो इतक्या अल्प प्रमाणात ओळखते की भल्या भल्या यंत्रांना तिथवर पोचायला कष्ट पडतात.

पाण्याच्या जवळ गेल्यावर माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला. ओढला तर उजवा जायला लागला. मागून ताईचा आवाज, तोच, शाळेतल्या दिवसांतला: “ओढू नकोस! टाच हलव, टाच!” पाय सरळ वर ओढला की तळव्याखाली पोकळी होऊ पाहते आणि तिथे पाणी शिरायला वाट नसते, म्हणून खालून कुणी धरून ठेवल्यासारखे वाटते. पाय जागच्या जागी हलवला, टाच फिरवली, की कडेने पाणी शिरते, भोवतालचा चिखल पातळ होतो आणि पाय सुटतो. आम्सटरडॅम विद्यापीठातल्या डॅनियल बॉन यांच्या गटाने २००५ साली फसव्या वाळूवर, म्हणजे पाण्याने भरलेल्या, पाय रुतवणाऱ्या वाळूवर, प्रयोग केले. तीत अडकलेला पाय सेकंदाला एक सेंटिमीटर या गतीने सरळ ओढायचा तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतकी ताकद लागेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांनीच हेही दाखवले की माणूस तीत कमरेपेक्षा खोल रुतत नाही, कारण ते मिश्रण माणसापेक्षा जवळपास दुप्पट जड असते. सिनेमात डोक्यापर्यंत गिळून टाकणारी दलदल दाखवतात ती पडद्यावरच राहू द्यावी. धोका असतो तो अडकून बसलेल्या माणसाभोवती पाणी चढण्याचा.

मी टाच हलवली, मागे रेलले, पाय सुटला. चप्पल गेली. ती काठीने शोधण्यात आमचा बराच वेळ गेला आणि ताई इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. म्हणजे चिखलातच.

बसल्यावर जे दिसते ते उभे राहून दिसत नाही. तुतवार पक्षी शेपूट हलवत रेंद्यात चोच खुपसत होता. या जातकुळीतल्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी संवेदनशील पेशींचे दाट जाळे असते. त्यांना भक्ष्य डोळ्यांनी दिसावे लागत नाही, चोचीला लागते. भिंगऱ्या घिरट्या घालून खाली उतरत, चोचीत मावेल एवढी गोळी उचलत आणि पुलाकडे जात. घरट्याला अशा शेकडो गोळ्या लागतात आणि गोळी नेमक्या ओलीची लागते, कारण कोरडी चिकटत नाही आणि पातळ गळते. कुंभारीण माशीही तिथेच माती नेत होती. ओल्या कडेला पिवळ्या फुलपाखरांची दाटी झाली होती. हे त्यांचे चिखलपान. फुलांच्या मधात सोडियम नावालाच असते, ते या ओलीतून मिळते. चिखलावर बसणारे बहुतेक नर असतात आणि मिळवलेले क्षार ते मीलनाच्या वेळी मादीला देतात. काँक्रीटच्या उतारावर यांतले कुणीही येणार नाही. भिंगरीने गोळी आणायची कुठून?

चिखलात काय साठवलेले असते याचा हिशेब चार्ल्स डार्विनने एकदा मांडला होता आणि तो १८५९ साली छापलाही. एका लहान तळ्याच्या काठावर तीन ठिकाणांहून त्याने मिळून तीन मोठे चमचे चिखल घेतला, सहा महिने अभ्यासिकेत झाकून ठेवला, आणि उगवेल ते रोप उपटून मोजत गेला. रोपे निघाली ५३७. सगळा चिखल एका पेल्यात मावत होता. पाणपक्ष्यांच्या पायांना लागून बिया किती दूर जात असतील, हे त्याला त्यावरून दाखवायचे होते. आपल्या वळणावरच्या चिखलाचे पेलेच भरायचे म्हटले तर मोजदाद कोण करणार!

मुले मात्र एकही नव्हती. ठसे गुरांचे, पक्ष्यांचे, एका कुत्र्याचे. आम्ही पाय धुण्यासाठी धड जागा शोधत होतो तेव्हा वर बांधावर दोन मुलगे सायकली धरून उभे होते. बराच वेळ आमच्याकडे पाहून त्यांतल्या धाकट्याने विचारले, “आजी, इथे उतरायला परवानगी लागते का?” ताई म्हणाली, “लागते. आईची.” दोघे एकमेकांकडे बघून सायकलींवर बसले आणि निघून गेले. माझ्या मते हा प्रश्न त्या मुलांचा नाही, आपला आहे. मोकळ्या जागी उतरण्यासाठी कुणाला तरी विचारावे लागते, हे त्यांना आपण शिकवले.

पालकांची धास्ती मला कळते. चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो; उंदरांच्या व इतर प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायावरच्या जखमेतून शरीरात जाते. त्यामुळे पायाला काप-खरचटलेले असेल तर उतरू नये, धनुर्वाताची लस झालेली असावी, बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवावेत आणि पूर नुकताच ओसरला असेल तर आठवडाभर तरी कळ काढावी. नंतर ताप आला तर चिखलात गेलो होतो हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. पण याची दुसरी बाजूही आहे. फिनलंडमध्ये तीन ते पाच वर्षांच्या ७५ मुलांवर केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काही पाळणाघरांच्या आवारात जंगलातली माती आणि हिरवळ आणून अंथरली. २८ दिवसांनी तिथल्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंमध्ये विविधता वाढलेली दिसली आणि प्रतिकारशक्तीचा तोल राखणाऱ्या घटकांतही चांगला बदल दिसला. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठ्या घोषणा करू नयेत. तरी मुलांना मातीपासून बारा हात दूर ठेवण्यातच शहाणपण आहे, असे म्हणायला त्याने फारसा आधार उरत नाही.

दुसरीकडे लोक चिखलासाठी मुद्दाम प्रवास करतात. कोरियातल्या बोरियॉंगमध्ये १९९८ पासून चिखलाचा महोत्सव भरतो. तिथल्या चिखलाच्या सौंदर्यप्रसाधनांची जाहिरात हा त्याचा मूळ हेतू होता. नेदरलँड्स आणि जर्मनीच्या किनाऱ्यावरचा वाडेन समुद्र ओहोटीला मैलोन्‌मैल उघडा पडतो, तिथे लोक वाटाड्यांबरोबर चिखल तुडवत थेट बेटांपर्यंत चालत जातात. युनेस्कोने २००९ साली त्याला जागतिक वारसा म्हटले, पुढे २०१४ मध्ये डेन्मार्कचा भागही त्यात आला. आपल्या वळणाला वारसा-बिरसा म्हणावे असा माझा आग्रह नाही. त्यावर भराव घालू नये इतकेच.

मला जे व्हावेसे वाटते ते थोडके आहे. बाहेरच्या, खचणाऱ्या काठाला पिचिंग करावे. आतल्या काठाला हात लावू नये. करंजांच्या रांगेपासून पाण्यापर्यंतचा पट्टा मोजून नकाशावर घ्यावा आणि सुशोभीकरणाच्या कुठल्याही आराखड्यात तो मोकळा ठेवावा. तिथे खोली दाखवणारे चार-पाच खांब रोवावेत, पुढे जाऊ नये अशी एक ओळ आखावी आणि वरून पाणी सोडण्याची शक्यता असेल तेव्हा इशारा मिळेल अशी व्यवस्था असावी. एक नळ आणि पाय घासायला एक खरबरीत दगड ठेवावा. आम्हा दोघींची खरी पंचाईत तिथेच झाली. नाल्याच्या पाण्याचे नमुने तपासावेत. पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर ‘प्रवेश बंद’ऐवजी अडकलेला पाय कसा सोडवावा ते लिहावे.

पत्रलेखकांना माझे निमंत्रण आहे. पाणी पुरते ओसरले की एका सकाळी त्यांनी वळणावर यावे. आतल्या काठाला गाळाचा थर किती जाड आहे आणि बाहेरचा काठ किती तुटला आहे, हे दोन्ही त्यांच्यासमोर मोजते. आकडे पटले नाहीत तर त्यांनी पुन्हा पत्र लिहावे. टेप आणि काठी मी आणीन. त्यांनी फक्त जुने कपडे घालून यावे, आणि चप्पल पट्ट्याची असावी.

आपली नम्र,
एक निवृत्त माती परीक्षक